पाचशे मीटरच्या आत

डोंबिवलीत आमच्या इमारतीत सगळ्यांना माझ्या नोकरीबद्दल एवढंच ठाऊक होतं, की चौबळ गॅसमध्ये आहेत. ऐंशीच्या दशकात एवढं पुरे होतं. गॅसच्या जोडणीसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे, आणि दुसरा सिलेंडर मिळाला तर घरी सत्यनारायण घालायची पाळी यायची. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ एका रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, जावई ठाकुर्लीचा, नव्या संसाराला जोडणी हवी होती. मी त्यांना समजावून सांगितलं, की माझा गॅस अजून समुद्राच्या तळाखालच्या खडकात आहे. तो वर येताना कोणी मरू नये, एवढंच माझं काम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेढे ठेवले आणि जाताना माझ्या बायकोला म्हणाले, "साहेबांना सांगा, घाई नाही. पण मे महिन्याच्या आत झालं तर बरं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या घरच्यांनाही मी नेमकं काय करतो हे धड सांगता येत नसे. म्हणून आधी ते सांगतो. ते कळल्याशिवाय हिराबाईंची गोष्ट सांगता येणार नाही, आणि मला खरं तर तीच सांगायची आहे.

मुंबईच्या पश्चिमेला, किनारा दिसेनासा झाल्यावरही जहाज बराच वेळ चालत राहिलं, की समुद्रात लोखंडाची गावं लागतात. तळात रोवलेले जाडजूड पाय, त्यांवर एकावर एक मजले, मजल्यांवर नळ्यांचं जंगल, आणि त्या जंगलातच माणसांच्या राहण्याच्या खोल्या, भटारखाना, दवाखाना. याला आम्ही प्लॅटफॉर्म म्हणतो. खालच्या विहिरींतून जो वायू येतो तो कोणी ओढून काढत नाही. तो खडकात दबून बसलेला असतो आणि वाट मिळाली की स्वतःच्या जोरानं उसळतो. आमचं सगळं शहाणपण त्याला आवरण्यात खर्च होतं. जो आवरता येत नाही, जास्तीचा असतो, तो एका लांब पुलाच्या टोकाला उभारलेल्या मनोऱ्यावर नेऊन जाळतात. त्या ज्वाळेला फ्लेअर म्हणतात.

मी अग्निशमनाचं शिक्षण घेतलेला माणूस. आधी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात होतो. आगी पाहिल्या होत्या, विझवल्याही होत्या. आगीबद्दल आपल्याला बऱ्यापैकी कळतं असा माझा समज होता. पहिल्यांदा हेलिकॉप्टरमधून प्लॅटफॉर्मवर उतरलो आणि ती ज्वाळा पाहिली, तेव्हा तो समज गळून पडला. पुलाच्या अलीकडच्या टोकाला, इतक्या लांबूनही, गालाला ऊब लागत होती. आवाज तर असा, की तो कानानं ऐकू येण्याऐवजी छातीत ऐकू येत होता. आणि गंमत म्हणजे तिथली माणसं तिच्याकडे पाठ करून चहा पीत होती. पुढे मीही प्यायलो. पण ती पाठ करायला मला बरेच महिने लागले, आणि मनातून मी ती शेवटपर्यंत केली नाही.

आता नियमाचं. प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती चहूबाजूंनी पाचशे मीटरचं रिंगण असतं. कामाच्या जहाजांखेरीज त्याच्या आत कोणी यायचं नाही, नांगर टाकायचा नाही, जाळं टाकायचं नाही. कारण तळाशी नळ्या असतात, नांगरानं त्या फाटू शकतात. आणि वर वायू असतो, त्याला एक ठिणगी पुरते. कागदावर हा नियम एका ओळीचा. पण समुद्रात ज्या ठिकाणी लोखंड उभं राहतं त्या ठिकाणी शेवाळ धरतं, शिंपले धरतात, त्यांच्यामागे लहान मासळी येते आणि तिच्यामागे मोठी. प्लॅटफॉर्मच्या पायाशी पापलेट आणि सुरमई अशी दाटीवाटीनं असते, की वरून पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. म्हणजे आम्हीच समुद्रात मासळीचा बाजार मांडला होता, आणि आम्हीच पाटी लावली होती की आत येऊ नका.

कोळ्यांच्या बोटी अर्थातच यायच्या. पायाला दोर बांधून निवांत राहायच्या. वरचे लोक दोरीनं पाव आणि गोडं पाणी खाली सोडत, खालून त्याच दोरीला पिशवी बांधून मासळी वर येई. मी सीकेपी. मला हा व्यवहार बंद करायला सांगण्यात आलं, यात नियतीचा काही विनोद असावा.

मात्र एकदा विनोद संपला. पहाऱ्यावरच्या जहाजानं एका बोटीचा दोर तोडला, वर पाण्याचा फवारा मारला, आणि त्या गडबडीत बोटीचं जाळं तिच्याच पंख्यात अडकलं. बोट समुद्रात वाहत गेली. दुसऱ्या बोटीनं ओढून आणली म्हणून माणसं वाचली. ती बोट ठाण्याच्या एका कोळीवाड्यातल्या तीन भावांची होती. कोपरीच्या अंगाला खाडीकाठी त्यांची वस्ती. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर खाडीत मासे मारले होते. पण कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, मासळी आटली, उरली तिला रॉकेलचा वास मारू लागला. म्हणून भावांनी मिळून इंजिनाची बोट बांधली, ती मुंबईच्या धक्क्याला ठेवली आणि खोल समुद्रात जायला लागले. खाडीतून हटलेली माणसं आमच्या रिंगणाशी येऊन थडकली होती.

वस्ती खवळली. मोर्चाची भाषा सुरू झाली. वरिष्ठांनी पाहिलं, की सुरक्षा विभागात ठाण्याच्या बाजूला राहणारा आणि मराठी बोलणारा मी एकटाच. म्हणून लोकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी वेगळं पद नव्हतं आणि शिक्षण तर नव्हतंच.

देवळाच्या ओसरीवर बैठक झाली. मी शाळेतून फळा मागवला होता. त्यावर प्लॅटफॉर्म काढला, रिंगण काढलं, वायू आणि ठिणगी यांबद्दल बोललो. पुरुष हाताची घडी घालून बसले होते. बायका एका बाजूला होत्या, आणि त्यांच्या पुढ्यात एक पन्नाशीची बाई मांडी घालून बसली होती. हिराबाई त्यांचं नाव. वस्तीत लहानथोर सगळे हिरामावशी म्हणत. ज्या बोटीचं जाळं अडकलं ती त्यांच्या दिरांची. धाकटा दीर काशिनाथ तिचा तांडेल, म्हणजे बोट हाकणारा प्रमुख. ठाण्याच्या बाजारात मासळी विकायला बसणाऱ्या बायकांत त्यांचा शब्द शेवटचा असे.

त्यांनी मला विचारलं, की या वायूचा वास कसा असतो. मी खरं ते सांगितलं. घरच्या सिलेंडरला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. आमच्या त्या विहिरींच्या वायूला म्हणावा असा वास नव्हता. यावर ओसरीवर हशा पिकला. हिराबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "नाकाला कलत नाय, डोल्याला दिसत नाय. आन् आमची पोरां त्याच्यापायी बुडता बुडता राहिली. चौबलसाहेब, तुमी सांगता धोका हाय. मी तो बघलेला नाय. मना दाखवा."

मी म्हटलं, तिथं बाहेरच्या माणसाला नेता येत नाही. त्या म्हणाल्या, मग आमच्या माणसांनी तरी न बघता का ऐकायचं. फळा पुसून मी घरी आलो.

मी ही मागणी वर पाठवली, ती नाकारली जाणार या खात्रीनं. बाईमाणूस, कोळीण, प्लॅटफॉर्मवर. कार्यालयात पुष्कळ हसणं झालं. पण प्लॅटफॉर्मचे प्रमुख राघवन म्हणून होते, केरळचे, मितभाषी, चाळीस वेळा विचार करून एकदा बोलणारे. त्यांनी कळवलं, की हे लोक खालून रोज येतातच. एकदा वरून आले तर काय बिघडलं? त्यांच्या सहीवर परवानगी आली. हिराबाई आणि काशिनाथ, दोघांनाच, एका दिवसाची.

जहाजानं निघालो. पोहोचलो तेव्हा चांगलं ऊन वर आलं होतं. समुद्रातून प्लॅटफॉर्मवर चढायची रीत अशी, की वरची क्रेन दोरखंडांच्या जाळीची एक मोठी टोपली खाली सोडते. तिच्या कडेवर उभं राहून जाळी घट्ट धरायची, आणि क्रेन तुम्हाला पाच-सहा मजले वर उचलून घेते. हिराबाईंनी जाळी हातानं ओढून पाहिली, गाठी तपासल्या आणि काशिनाथला म्हणाल्या, "आज मीच जाल्यात." वर जाईपर्यंत त्यांनी डोळे मिटले नाहीत, हे काशिनाथनं मला नंतर सांगितलं. मी मिटले होते.

कपड्यांचा प्रश्न निघाला होता. लोंबता पदर चालत नाही असा नियम. पण कोळ्यांचं लुगडं कासोटा मारून इतकं आवळून नेसलेलं असतं, की सुटं असं काही राहतच नाही. राघवननी एकदा पाहिलं आणि मान डोलावली. पायात बूट आले, डोक्यावर पिवळं हेल्मेट आलं. अबोलीचा गजरा हेल्मेटखाली जाईना, तेव्हा तो काढून त्यांनी काशिनाथच्या खिशात ठेवला. काशिनाथची विडी-काडी आधीच जमा झाली होती, त्यामुळे त्याच्या खिशात जागा होती.

मी त्यांना सगळं दाखवलं. त्या फार विचारत नव्हत्या. एका मोठ्या नळीपाशी थांबल्या आणि तिच्यावर तळवा ठेवला. आतून वायू धावत होता; नळी मांजरासारखी थरथरत होती. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग फ्लेअरकडे पाहत त्यांनी विचारलं, की ही पहिल्यांदा पेटवली कोणी. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. ती कधी विझते का, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सगळंच बंद केलं तर विझेल. मी तरी विझलेली पाहिली नाही.

खालच्या मजल्यावर उतरलो होतो तेव्हा भोंगा झाला.

सरावाचा भोंगा आठवड्यातून एकदा व्हायचा. त्याची वेळ ठरलेली असे आणि ही ती वेळ नव्हती. त्यामागून ध्वनिक्षेपकावर आवाज आला, की वायुगळती आहे. मी वळून पाहिलं. आमच्यापासून बरंच पलीकडे, दोन नळ्या जिथं जोडल्या होत्या तिथून पांढरं धुकं बाहेर पडत होतं. विहिरीतून येणारा कच्चा वायू नुसता हलका वायू नसतो. त्यात पेट्रोलसारखं पातळ तेल असतं, ते बाहेर आलं की थंड होऊन धुकं होतं, आणि हे धुकं वर न जाता खाली बसतं. जाळीच्या जमिनीतून ते गळत होतं, संथपणे, दुधासारखं, खाली समुद्राकडे. अग्निशमनात इतकी वर्षं काढून मी पुस्तकात वाचलेली गोष्ट पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होतो. मला आठवतं, की भीती वाटायच्या आधी ते सुंदर वाटलं होतं.

नियंत्रणकक्षानं आणीबाणीचं बटण दाबलं. त्यानं काय होतं, तर विहिरींच्या झडपा बंद होतात आणि नळ्यांत उरलेला सगळा वायू एकदम फ्लेअरकडे सोडला जातो, म्हणजे गळायला मागे काही राहत नाही. पुलाच्या टोकाची ज्वाळा फुगली. दुप्पट झाली, चौपट झाली, तिच्या मनोऱ्यापेक्षा उंच झाली. तिचा आवाज असा चढला, की शेजारच्या माणसाचं ओरडणं दिसत होतं पण ऐकू येत नव्हतं. नशीब एवढंच, की वारा धुक्याला तिच्यापासून दूर ढकलत होता.

अशा वेळी प्रत्येकानं ठरलेल्या जागी जमायचं असतं, तिथून गरज पडली तर बचावनावेत. मी दोघांना जिन्याकडे वळवलं. काशिनाथ आला. हिराबाई आल्या नाहीत. त्या कठड्याला धरून खाली बघत होत्या. मी त्यांचा दंड धरला तेव्हा त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

खाली, प्लॅटफॉर्मच्या पायाला दोर बांधून, एक मासेमारी बोट उभी होती. पहाऱ्याच्या जहाजाची नजर चुकवून केव्हातरी आत आली असणार. बोटीवर चार-पाच माणसं होती, आणि मधोमध पत्र्याच्या डब्यात केलेल्या चुलीवर काहीतरी रटरटत होतं. चुलीचा धूर आम्हाला स्पष्ट दिसत होता. आणि वारा ते पांढरं धुकं त्याच बाजूला नेत होता.

त्या क्षणी मला जे कळलं ते असं. भोंगा त्यांनी ऐकला होता. पण पहाऱ्याचं जहाज त्यांना हाकलायला रोजच भोंगा वाजवत असे, म्हणून ते बिनधास्त होते. ध्वनिक्षेपकावर राघवन हिंदीत ओरडत होते. ते ज्वाळेच्या गर्जनेत बुडून जात होतं. पहाऱ्याचं जहाज जवळ पाठवता येत नव्हतं, कारण त्याच्या इंजिनाची ठिणगी चुलीइतकीच घातक. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, बोटीवरच्यांना धोका कळलाच तर ते पहिली गोष्ट काय करतील? इंजिन सुरू करून पळतील. तेही नको होतं. चूल विझायला हवी होती, इंजिन बंद राहायला हवं होतं, आणि दोर तोडून बोट प्रवाहाबरोबर आपली आपण बाहेर जायला हवी होती. या तीन गोष्टी, त्याच क्रमानं, त्या गदारोळात, इतक्या उंचावरून कोणाला कशा सांगायच्या?

मी हे काशिनाथच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. त्यानं ते वहिनीच्या कानात सांगितलं. हिराबाईंनी आजूबाजूला पाहिलं. कठड्याजवळ वाळूनं भरलेल्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. त्यांनी एक काढली, कठड्यावर उभी धरली आणि वाळू खाली ओतली. ती बोटीपासून दूर पाण्यात पडली, पण बोटीवरचा एक माणूस वर बघू लागला.

तो तसाच बघत राहिला. पुढे कितीतरी वेळा मी त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं आहे. वर आकाशाला लागलेली आग, भोंगा, आणि त्या सगळ्याच्या मध्ये लुगडं नेसलेली, पिवळं हेल्मेट घातलेली एक कोळीण, जिनं तिथं असण्याचं काहीच कारण नाही. गणवेशातला कोणी हातवारे करत असता तर त्यानं तो नेहमीचा हाकलणारा समजून मान फिरवली असती. या बाईवरून त्याची नजर हलेना.

हिराबाईंनी रिकामी बादली पुन्हा उपडी केली. बोटानं चूल दाखवली, बादली उपडी केली. चूल, बादली. त्या माणसानं वळून चुलीकडे पाहिलं. मग त्यानं पातेलं उचललं आणि सगळं कालवण चुलीवर ओतलं. पांढऱ्या वाफेचा एक लोट उठला.

दुसरा माणूस इंजिनाकडे धावला होता. आता काशिनाथ कठड्यावर जवळजवळ ओणवा झाला होता. त्यानं इंजिनाचं हँडल फिरवल्याची खूण केली आणि लगेच दोन्ही हातांची फुली केली, पुन्हा पुन्हा. मग एका हाताच्या मनगटावर दुसऱ्या हातानं घाव घातला. म्हणजे दोर तोड. खालच्यानं कोयता घेतला. दोर तुटला. बोट जागेवरच हलली, तोंड फिरलं, आणि मग फार हळू, जशी जत्रेतून एखादी म्हातारी निघते तशी, ती प्रवाहाबरोबर बाहेर जाऊ लागली. तिच्या मागोमाग धुकं पाण्यावर पसरत होतं.

एव्हाना राघवन आमच्याजवळ आले होते. आम्हाला जमायच्या जागी न्यायला आले असावेत. पण बोट धुक्याच्या पुढे निघून जाईपर्यंत आमच्या शेजारी कठडा धरून उभे राहिले.

नंतर नळ्यांतला वायू संपत आला. धुकं विरळ झालं, थांबलं. ज्वाळा खाली बसू लागली. मनोऱ्याएवढी, माणसाएवढी, मग दिव्यासारखी. आणि विझली.

त्या शांततेचं वर्णन मला जमणार नाही. मी त्या प्लॅटफॉर्मवर कितीतरी मुक्काम केले होते, आणि तिथं खाली समुद्र आहे हे मी पाहिलं होतं, ऐकलं मात्र कधीच नव्हतं. आता तो ऐकू येत होता. पायांवर आपटणारं पाणी, लोखंडाची कुरकुर, कुठेतरी एक पक्षी. वरच्या मजल्यांवर सगळे जण कठड्याला येऊन उभे होते, खानसामेसुद्धा. हिराबाईंनी हेल्मेट काढलं, काशिनाथच्या खिशातून गजरा घेऊन पाण्यात सोडला आणि समुद्राला हात जोडले. काही वेळानं बादली होती तिथं परत टांगली.

पुढे चौकशी झाली. जोडामधलं एक गास्केट, म्हणजे दोन नळ्यांच्या मधली चकती, खचली होती. एवढंसं कारण. सुरक्षा यंत्रणेच्या अधिकाऱ्यानं विचारलं, की भोंगा झाल्यावर पाहुणे जमायच्या जागी का नव्हते. राघवन म्हणाले, माझ्या समोर होते आणि मी त्यांना थांबू दिलं. मग ते त्यांच्या स्वभावाबाहेर जाऊन आणखी एक वाक्य बोलले, की हिराबाई त्या जागेवरून निघाल्या असत्या तर आज आपण सगळे इथं चौकशीला बसलो नसतो. अधिकाऱ्यानं चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न घेतला.

ठाण्याला परतल्यावर वस्तीनं मावशीला ओसरीवर बसवलं. या वेळी मी एका बाजूला होतो. त्यांनी काय पाहिलं ते सांगितलं, सावकाश, बाजारात गिऱ्हाइकाला सांगतात तसं. आमची बाजू घेऊन त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आमच्या जहाजानं फवारा मारला ते वाईटच होतं, हे त्यांनी माझ्यासमोर पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तो वायू माझ्या डोल्यानं बघलाय मी. दुधासारखा उतरतो. आपल्या बोटी आत जायच्या नाय."

आणि गेल्या नाहीत. इतर गावांच्या बोटींचं काय, हा प्रश्न राहिला. त्यावर आम्ही त्या खुणाच पक्क्या करायचं ठरवलं. चूल विझवा, इंजिन नको, दोर तोडा. ठाकुर्लीच्या एका पेंटरकडून, जो एरवी किराणा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मी तीन चित्रं काढून घेतली. हिराबाई त्याच्यासमोर बादली घेऊन उभ्या राहिल्या. त्यानं काढलेल्या बाईला लुगडं होतं आणि हेल्मेट होतं. वरच्या कार्यालयानं आक्षेप घेतला, की चित्रात गणवेशातला पुरुष कर्मचारी दाखवावा. पत्र येईपर्यंत चित्रांचे पत्रे किनाऱ्यावरच्या बंदरांत पोहोचले होते आणि बोटींच्या केबिनींत ठोकले गेले होते. ते परत गोळा करण्याचं काम माझ्याकडेच आलं. ते मला काही जमलं नाही.

माझ्या नोकरीत मी एवढी एक गोष्ट धडपणे झालेली पाहिली. बाकी अनेक राहिल्या. वस्तीतल्या मुलांना प्लॅटफॉर्मवर कामं मिळावीत म्हणून मी पुष्कळ खेटे घातले. मिळाली ती ठेकेदाराकडे, साफसफाईची, तीही थोडी. खाडी आमची जबाबदारी नाही असं सांगण्यात आलं, आणि ते कागदोपत्री खरं होतं. नव्वदच्या सुमारास प्लॅटफॉर्म वाढले. प्रत्येकाभोवती नवं रिंगण. एकदा काशिनाथनं मला अंगणात वाळूत बोटानं गोल काढून दाखवले होते, एकाशेजारी एक. म्हणाला, "साहेब, एकेक गोल लहान हाय. पन सगले मिलून बघा." मी बघितलं. नियम बरोबर होता, त्यानं माणसं वाचत होती, आणि तरी त्या वाळूत मोकळी जागा कमी होत चालली होती. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात, हे मला त्या नोकरीनं शिकवलं, आणि त्याचं काय करायचं हे शिकवलं नाही.

निवृत्तीच्या थोडं आधीची एक गोष्ट सांगतो. एका वेगळ्याच, नव्या प्लॅटफॉर्मवर तपासणीसाठी गेलो होतो. दुपारची वेळ, वारा पडलेला. वायरलेसच्या खोलीत बसलो होतो. तोवर बऱ्याच बोटींवर वायरलेस आले होते आणि त्यांची आपसातली बोलणी आमच्याकडे ऐकू यायची. भाव, हवा, कोणाच्या पोराचं लग्न. बोलणारे उत्तरेकडच्या कुठल्यातरी बंदराचे होते. ठाण्याचा तो कोळीवाडा त्यांनी कधी पाहिलाही नसेल. एक तरुण आवाज दुसऱ्याला सांगत होता, की प्लॅटफॉर्मच्या पायाशी मासळी उसळतेय, मी आत घेतो. पलीकडून एका वयस्क माणसानं त्याला झापलं.

"आत कनाला जातंस? मावशीची हद्द हाय ती."

थोडी खरखर झाली आणि मग त्या तरुणानं बोट वळवल्याचं सांगितलं.

वायरलेसवरचा आमचा मुलगा बिहारकडचा, नुकताच लागलेला, वहीत सगळं टिपून ठेवणारा. कानावरची यंत्रं उतरवून त्यानं मला विचारलं, की सर, हे मावशी म्हणजे कुठल्या खात्याचा कोड आहे, आमच्या प्रशिक्षणात हा आला नाही.

मी त्याला म्हटलं, कोड नाही. बाई आहे. ठाण्याच्या बाजारात बसते, सकाळी गेलास तर भेटेल.